तट्ट्यामागचा चिमटा

यवतमाळच्या कापूसबाजाराजवळ एका हॉटेलवर हल्ली मोठी पाटी लागली आहे : 'अस्सल चिमटा. आमची दुसरी शाखा नाही.' ती पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. अस्सल म्हणे! त्या मालकाला अस्सल कशाशी खातात ते ठाऊक नाही.

आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला आधी सांगायला हवं. चिमटा म्हणजे डबलरोटीचे दोन काप, मध्ये सारण, आणि ते सगळं लांब दांड्यांच्या दोन लोखंडी पत्र्यांत घट्ट दाबून विस्तवावर भाजलेलं. हत्याराचं नाव चिमटा, म्हणून पदार्थही चिमटाच झाला. यवतमाळात त्यात बटाटा भरतात. महागावला शेव आणि कच्चा कांदा घालतात आणि बटाटेवाल्यांना नावं ठेवतात. कचेरीतल्या मंडळींसाठी साय-साखरेचा एक गुळमट प्रकार निघालाय, त्याबद्दल मी बोलत नाही. पण कुठलाही चिमटा घ्या, भाजलेल्या रोटीच्या एका कोपऱ्यात बोराएवढा उंचवटा असतोच. कुणी म्हणतं तो बरकतीसाठी, कुणी म्हणतं आतली वाफ साठायला. एका मास्तरांनी मला छातीठोकपणे सांगितलं की हा पदार्थ डाकबंगल्यावरच्या खानसाम्यानं गोऱ्या साहेबासाठी केला. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, बंजाऱ्यांचे तांडे मीठ वाहायचे तेव्हापासूनचा आहे. मिठाच्या गोण्यांत डबलरोटी कुठून आली, असं विचारलं तर रागावून उठून गेले.

खरं काय ते मला माहीत आहे. एकोणीसशे एकसष्टच्या आधीपासून माहीत असून मी तोंड उघडलं नाही. आज उघडतोय, तेही कागदावर.

चिमटा काढला उकंडानं. त्याच्या आधीची दोन भावंडं दगावली होती, म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि परका जीव उचलावा तसं उचलून घरात आणलं. अशी पोरं जगतात असं आमच्याकडे मानतात, आणि त्यांचं नाव उकंडाच ठेवतात. पांढरकवड्याहून दोन-अडीच मैलांवर, आदिलाबादकडे जाणाऱ्या सडकेला लागून त्याचं गाव. मेलेलं ढोर ओढून नेणं आणि दवंडी देणं ही त्याच्या घराण्याकडे गावानं बांधून दिलेली कामं. छप्पन सालच्या ऑक्टोबरात तो बायकोला, कौसल्याला, घेऊन नागपूरला गेला आणि लाखो लोकांबरोबर बौद्ध होऊन परत आला.

परत येताना ट्रकवाल्यानं दोघांना हिंगणघाटच्या अलीकडेच उतरवून दिलं. कौसल्यानं घरून नेलेली पातोडी, म्हणजे बेसन शिजवून थापलेल्या वड्या, वाळून कडक झाली होती. नागपुरात कुणीतरी दिलेल्या डबलरोटीचे काप पण शिळे झाले होते. उकंडानं रस्त्याकडेला काटक्या पेटवल्या, दोन कापांमध्ये पातोडी आणि जवसाची चटणी घातली, आणि दोन सपाट दगड तापवून त्यांच्यामध्ये ते दाबलं. पुढे एकदा त्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. म्हणाला, "बाबूजी, त्या दिवशी आमी दोघंही नवे झालतो. जेवनही नवंच झालं."

गावात आल्यावर पहिलं ढोर मेलं तेव्हा उकंडा म्हणाला, आता मी ओढणार नाही. गावानं काय केलं ते सांगायची गरज नाही. वावरातली कामं बंद झाली, किराण्याच्या दुकानात मीठ मिळेना. वर्षभर तो सडकेच्या कामावर खडी फोडत राहिला. तिथंच त्याची देवसिंगशी गाठ पडली.

देवसिंग तांड्यावरचा बंजारा. त्याच सडकेवर, वनखात्याच्या लाकूडनाक्यासमोर त्याची चहाची झोपडी होती. सागाचे ट्रक पास दाखवायला नाक्यावर थांबत, ड्रायव्हर चहा पीत आणि खायला काय आहे ते विचारत. खायला काही नसे. उकंडानं एक दिवस त्याला दगडांत दाबलेली रोटी खाऊ घातली. देवसिंग दोन रोट्या खाऊन म्हणाला, "भिया, आपण दोघं मिळून हे करू." भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. तो शब्द मी पुढे तीन वर्षं त्याच्या तोंडून ऐकला.

उकंडानं लोहाराकडून मोटारीच्या जुन्या जाड पत्र्याचा चिमटा करून घेतला. लोहाराचा घण एकदा घसरला आणि एका पत्र्याच्या कोपऱ्यात खळगा पडला. त्या खळग्यात रोटी फुगते. बरकतबिरकत काही नाही, लोहाराचा हात चुकला होता.

मग दोघांनी एक गोष्ट ठरवली, आणि सगळं वाटोळं तिथंच झालं. चहाची झोपडी पुढे, आणि मागे बांबूच्या तट्ट्यानं आडोसा केलेली चूल. उकंडा तट्ट्यामागे भाजणार. तट्ट्याला हात जाईल एवढं भोक. त्यातून चिमटा देवसिंगच्या हातात येणार, आणि देवसिंग तो गिऱ्हाइकाला देणार. ट्रकवाल्यांना कोण भाजतो याच्याशी कर्तव्य नव्हतं. पण कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन बाजाराला जाणारे गावोगावचे शेतकरी, पाटील, दुकानदार, सगळे तिथं थांबायचे, आणि त्यांना होतं. कौसल्या घरून पातोडीची टोपली आणायची ती वर जळणाची मोळी बांधून, नाल्याच्या वाटेनं. बघणाऱ्याला वाटावं, बाई लाकडं विकायला चालली.

हे कुणी कुणावर लादलं नव्हतं. उकंडालाच वाटलं की आधी चव लोकांच्या जिभेवर बसू दे, मग हात दाखवू. चवीची गोडी लागली की लोक हाताचं विसरतील असा त्याचा हिशेब. इतक्या साध्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या या साधेपणाचा मला अजून राग येतो.

मी, बाबाराव, अठ्ठावन्न साली त्या नाक्यावर कारकून म्हणून आलो. पांढरकवड्यात घर, घरात आई. सोवळंओवळं इतकं की मी नाक्यावरून आलो तरी हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला शिवू देत नसे. मी रोज दुपारी देवसिंगकडे दोन चिमटे खायचो. ती चव कशी सांगू? बाहेरून रोटी कुरकुरीत, आत पातोडी लोण्यासारखी झालेली, जवसाच्या चटणीचा खरपूस वास आणि वरून हिरव्या मिरचीचा असा झटका की डोळ्यांत पाणी यावं आणि तरी दुसरा मागावा. देवसिंगच्या हाताला काय चव आहे, असं मीही चारचौघांत म्हणायचो.

एकदा विडी पेटवायला निखारा हवा होता. देवसिंग पाणी आणायला गेलेला. मी तट्ट्यामागे गेलो तर उकंडा चुलीपुढे उकिडवा बसलेला, हातात चिमटा. मला पाहून उठून उभा राहिला. घामानं निथळत होता. म्हणाला, "बाबूजी, आता तुमी काय करसान?"

मी म्हणालो, "निखारा दे."

त्यानं दिला. मी कुणाला काही बोललो नाही, पुढेही खात राहिलो. इतकंच नाही, दुपारी ट्रक नसले की तट्ट्यामागे जाऊन त्याच्याशी गप्पा मारत बसायचो. मला हा माझा फार मोठेपणा वाटायचा. आपण किती सुधारलेले, असं मनात म्हणत मी घरी जायचो आणि आईला सांगायचो, "देवसिंगकडं खाल्लं."

उकंडाला पैसा बरा मिळत होता, निम्मा वाटा देवसिंग चोख देई. पण तो पैशावर बोलत नसे. एकाच गोष्टीवर बोलायचा. तट्ट्याच्या भोकातून त्याला फक्त गिऱ्हाइकांचे हात दिसत. "बाबूजी, हात पाहून मी माणूस ओळखतो आता," तो म्हणायचा. "थो जाड आंगठीवाला हात पंजाबराव पाटलाचा. ज्यानं आमचं मीठ बंद केलतं, थो मायाच हातचं तीन तीन खाते. मले एकच पाह्यजे. एक डाव कोनीतरी तोंडापुढं म्हनलं पाह्यजे, उकंडा, तुह्या हातचा दे. मंग मी मेलो तरी चालते."

मी म्हणायचो, "होईल, होईल. दिवस बदलून राहिले आहेत." बोलायला काय जातं?

एकसष्टचा दसरा आला. दसऱ्याच्या दिवशी सडक रिकामी असते. ट्रकवाले आपापल्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजेला लावतात, चाक हलवत नाहीत. उकंडाचाही तो मोठा दिवस, धम्म घेतल्याचा. दरवर्षी तो पांढरे कपडे घालून नागपूरला जायचा. त्या वर्षी देवसिंगनं गळ घातली, "भिया, थांब. गावचे लोक सोनं वाटायला येतेत, खायले मागतेत." उकंडा थांबला. पांढरे कपडे मात्र घातले, आणि ते घालूनच चुलीपुढे बसला.

दुपारी पंजाबराव पाटील वीस-पंचवीस माणसं घेऊन आला. मीही तिथंच बाकावर होतो. आपट्याची पानं दिली-घेतली, चिमटे झाले. मग पाटलानं माणसाकडून शेला आणि नारळ मागवला. म्हणाला, "देवसिंग, तीन वर्षं झाले, ह्या सडकेनं जानारा येनारा तुह्या हातचं खाऊन जाते. असा हात तालुक्यात नाही. आज तुह्या हाताचा मान करतो." आणि त्यानं देवसिंगच्या खांद्यावर शेला टाकला.

देवसिंगनं मान खाली घातली. नको म्हणाला असता तर! पण माणसाला शेला आयुष्यात पहिल्यांदा मिळत असतो, तो कसा नको म्हणेल.

तट्टा बाजूला झाला. उकंडा पुढे आला. पांढरे कपडे, हातात तापलेला चिमटा. मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "पाटील, भाजतो मी."

पाटलानं त्याला ओळखलं होतं. त्याच्या तोंडावर आधी भीती आली, ती मी स्वतः पाहिली. तीन वर्षं पोटात काय गेलं त्याचा विचार तो करत असणार. मग तो हसला. "हा भाजते म्हनते! अरे, तुले चूल तरी पेटवता येते काय? देवसिंग, खरं काय?"

देवसिंगनं एकदा उकंडाकडे पाहिलं, एकदा खांद्यावरच्या शेल्याकडे, एकदा त्या पंचवीस माणसांकडे. होय म्हणाला असता तर त्या संध्याकाळी झोपडी जळाली असती, हे मलाही कळत होतं. तो म्हणाला, "भाजतो मीच, पाटील. हा मानूस लाकडं फोडते."

भिया नाही, हा माणूस.

"कायले खोटं बोलून राह्यला देवसिंगभाऊ?" उकंडा म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर आली. "बाबूजीले इचारा. बाबूजी मायाजवळ बसते. त्याइले सारं मालूम हाय."

पाटील माझ्याकडे वळला. "सांगा बाबूजी. तुमी सरकारी मानूस. तुमी सांगसान थे खरं."

मला सांगायचं होतं. शपथ घेऊन सांगतो, शब्द गळ्यापर्यंत आला होता. पण तो बाहेर पडला असता तर पुढचा प्रश्न आलाच असता : तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही खात होता? ही बातमी संध्याकाळच्या आत आईपर्यंत पोचली असती. मी म्हणालो, "मी पुढं बसतो, पाटील. मागचं मला काय दिसणार?"

उकंडानं माझ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. तो चुलीशी गेला, निखाऱ्यांची शेगडी उचलून सगळ्यांच्या समोर मांडली. "मंग खाऊन पाहा," म्हणाला. "तुमच्या पुढं भाजतो. चव तेच हाय का नाही, तुमीच सांगा."

त्यानं डबलरोटी कापली, पातोडी मांडली, चटणी लावली, मिरची ठेवली, आणि चिमटा निखाऱ्यावर धरला. पंचवीस माणसं तो हात बघत होती. न बघता उलटायचा तो, कानानं, आतल्या पातोडीचा आवाज बदलला की. तीन वर्षांत मी त्याच्या हातचे शेकडो खाल्ले असतील, पण इतका सुरेख भाजलेला एकही नव्हता. वासानं तोंडाला पाणी सुटलं, सगळ्यांच्याच. त्यानं तो पळसाच्या पानावर ठेवला आणि पुढे धरला.

कुणी हात केला नाही. खाल्ल्याशिवाय त्याचं खरं ठरणार नव्हतं, आणि डोळ्यांदेखत त्याच्या हातचं कुणी खाणार नव्हतं. ट्रकवाले असते तर एखाद्यानं उचलून तोंडात टाकला असता आणि सांगून मोकळा झाला असता. पण दसरा होता, ट्रकवाले नव्हते.

उकंडा पान धरून उभा होता. एकेकाच्या समोर नेलं त्यानं, माझ्यासमोरही आणलं. मी खिशातून विडी काढली. अखेर पाटील म्हणाला, "चाला, याच्या डोक्यावर परिनाम झाला. नागपुरावरून आल्यापासून असाच करते." लोक हसले. त्यांना फार बरं वाटलं असणार, कारण उकंडा खोटा ठरला म्हणजे त्यांचं पोट शुद्ध राहिलं. उकंडानं ते पान बाकावर, माझ्याशेजारी ठेवलं आणि नाल्याच्या वाटेनं निघून गेला. चिमटा तिथंच राहिला.

देवसिंग संध्याकाळी त्याच्या घरी गेला होता म्हणे. कौसल्यानं दारातच सांगितलं, "शेला घेऊन आलात काय? आमच्या घरी जागा नाही ठेवाले." तो परत आला.

नंतरचं सगळं सरळ आहे. पातोडी येईना. देवसिंगची बायको लालीबाई पातोडी करून बघायची, पण ती फुटायची, म्हणून तिनं उकडलेला बटाटा भरला. आज ज्याला यवतमाळ अस्सल म्हणतं तो हा बटाटा. देवसिंगचा मावसभाऊ खेमसिंग महागावला गेला, त्याला बटाटा उकडण्याचा कंटाळा, त्यानं शेव-कांदा घातला. देवसिंग आणि खेमसिंगनं लोहाराला उकंडाचा मागे राहिलेला चिमटा नमुना म्हणून दाखवला आणि लोहारानं तसाच्या तसा करून दिला, खळग्यासकट. आजही जिल्ह्यात जो तो लोहार तो खळगा मुद्दाम पाडतो. उकंडाचा हात नको, त्याच्या चिमट्यातली चूक मात्र हवी.

त्रेसष्टला माझी यवतमाळला बदली झाली. सदुसष्टच्या उन्हाळ्यात मी पांढरकवड्याला आलो होतो, तेव्हा मनाचा हिय्या करून उकंडाकडे गेलो. पांढरकवड्याच्या कडेला त्यांच्या वस्तीत त्यानं मातीचं घर बांधलं होतं. पुन्हा सडकेच्या कामावर जात होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्याला राग आला नाही, नवलही वाटलं नाही. कौसल्यानं पाणी दिलं. मी ते मोठ्या घोटांनी प्यायलो, तिला दिसावं म्हणून. तिनं बघितलंही नाही.

दुपारची वेळ होती. चुलीवर दोन सपाट दगड तापत होते. तो घरच्यांसाठी तेच करत होता, पातोडी आणि जवसाची चटणी घातलेली रोटी, पहिल्या दिवसासारखी. चिमटा त्यानं पुन्हा करून घेतला नव्हता. मी विचारलं, काहून नाही? तो म्हणाला, "खळग्याशिवाय केला तं लोक म्हनतीन नकली हाय."

मग मी ते वाक्य बोललो. सहा वर्षं मनात घोळवलेलं, मोठ्या उपकाराच्या थाटात. "उकंडा, मले तुह्या हातचा दे."

त्याचा हात थांबला. कौसल्यानं वर पाहिलं. मग त्यानं दगडामधली रोटी काढली, पळसाच्या पानावर ठेवली आणि माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. तीच चव. एका कणानं कमी नाही. मला रडू आलं, लाज वाटली नाही. मी म्हणालो, "हाच तो. उकंडा, हाच तो हात. दुसऱ्या कुणाचा नव्हताच कधी."

"हे मले काहून सांगून राह्यले, बाबूजी?" तो म्हणाला. आवाज अगदी शांत. "मले तं मालूमच हाय. जिथं सांगाचं होतं तिथं तुमी विडी काढली."

तो दुसरी रोटी दाबायला लागला. कौसल्यानं मला अजून एक घ्या म्हणून विचारलं, आणि मी घेतली. खरंच भूक लागली होती.

घरी आलो तर आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. हातपाय धुऊन आत ये म्हणाली. मी धुतले. मग तिनं विचारलं, "जेवलास कुठं?"

मी म्हणालो, "मोटारस्टँडवर. नुसता चहा घेतला."